कॅज्युअल्टीत इंटर्नना शिकवायचं कुठून?

प्रश्न : आमच्याकडे इंटर्नची कॅज्युअल्टी (तातडीच्या विभागातली) पोस्टिंग जेमतेम दोन आठवड्यांची. मुलं हुशार आहेत, पण गंभीर पेशंट समोर असताना हिस्ट्री लिहीत बसतात. एवढ्या वेळात नेमकं काय शिकवावं? (मेडिकल ऑफिसर, हडपसर)

उत्तर : पहिला आठवडा निदानाच्या मागे लागूच नका. वॉर्डात ‘याला झालंय काय’ असा विचार करायची सवय लागलेली असते. कॅज्युअल्टीतला पहिला प्रश्न वेगळा आहे : पुढच्या तासाभरात हा पेशंट कशाने दगावू शकतो, आणि ते नाही असं मी कशावरून म्हणतो? छातीत दुखत असेल तर हार्ट अटॅक, महाधमनीचा पदर फाटणं, फुप्फुसात गुठळी, टेन्शन न्यूमोथोरॅक्स (छातीत हवा कोंडून फुप्फुस दबणं) ही नावं इंटर्नच्या तोंडून यायला हवीत. नुसती नावंही पुरत नाहीत. दोन्ही हातांचं बीपी घेतलं का, दोन्ही बाजूंना हवा सारखी जाते का, एका पोटरीला सूज आहे का, हेही त्यानेच सांगायचं.

पेशंट पाहून आल्यावर इंटर्नला आधी मत द्यायला लावा.

‘मॅडम, आजोबांना पित्त झालंय.’
‘कशावरून?’
‘ते स्वतःच म्हणतायत.’

इथेच थांबवा. पेशंटचा शब्द तक्रारीच्या रकान्यात लिहायचा, निदानाच्या नाही. ‘पित्त’, ‘गॅस वर चढलाय’, ‘छातीत भरून आल्यासारखं वाटतंय’ असं सांगत हार्ट अटॅकचे पेशंट येतात. मधुमेही आणि वयस्कर बायकांना तर कधी नुसता दम लागतो. घाम आला होता का, चालल्यावर वाढतं का, हे विचारून यायला परत पाठवा. मग एकच नियम सांगा, काय बरोबर केलं ते नाव घेऊन सांगा, काय सुधारायचं तेही सांगा. या सगळ्याला तीन मिनिटं लागतात, गर्दीतही जमतं.

दुसरी गोष्ट श्वासाची गती. केसपेपर चाळून पाहा, बहुतेकांवर डोळे झाकून १८ किंवा २० लिहिलेलं सापडेल. पेशंट बिघडत असल्याची खूण बऱ्याचदा इथेच आधी दिसते. मधुमेहात रक्त आम्लधर्मी होतं त्या डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ९८ असतं आणि श्वास मात्र मिनिटाला ३२, खोल. म्हणून नाडी मोजत असल्यासारखा हात धरून, छातीकडे बघत पूर्ण ६० सेकंद मोजायला लावा. आणि शुद्धीत नसलेल्या किंवा एक बाजू लुळी पडलेल्या प्रत्येक पेशंटची शुगर आधी ग्लुकोमीटरवर, सीटी स्कॅन त्यानंतर.

प्रश्न : छातीत दुखतंय पण ईसीजी नॉर्मल आहे, अशा पेशंटला घरी सोडता येतं का? (इंटर्न, पुणे)

उत्तर : एका ईसीजीवर नाही. पेशंट आल्यापासून १० मिनिटांच्या आत पहिला ईसीजी हवा. दुखणं चालू असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा आणि कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. ट्रोपोनिन ही हृदयाच्या इजेची रक्ततपासणीही सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकतं, ती ठरल्या वेळेनं पुन्हा पाठवावी लागते. ईसीजीच्या टू, थ्री, एव्हीएफ या लीडमध्ये (वायरींच्या नोंदीत) एसटीची रेषा वर उचललेली दिसली तर उजव्या बाजूची व्हीफोरआर लीड लावल्याशिवाय नायट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) देऊ नका. उजव्या जवनिकेला (हृदयाच्या खालच्या कप्प्याला) धक्का बसला असेल तर बीपी एकदम कोसळतं.

लीड स्वतः लावायला शिका. व्हीवन-व्हीटू चौथ्या बरगडीखालच्या फटीत हव्यात. घाईत त्या वर लागतात आणि जुना अटॅक असल्याचा भास होतो. लीड वन पूर्ण उलटी आणि एव्हीआर सुलटी दिसली, तर आधी हातांच्या वायरींची अदलाबदल झाली आहे का ते बघा.

प्रश्न : पावसाळ्यात सर्पदंश वाढतात. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी इंटर्नकडून नेहमी चुकते. (ग्रामीण रुग्णालय, भोर तालुका)

उत्तर : चूक बहुतेक वेळा नळीची असते. नळी काचेची, नवी, कोरडी हवी. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही नीट गोठत नाही. शिरेतून २ मिली रक्त घ्या, नळी उभी ठेवा, २० मिनिटं हात लावू नका, मग एकदाच तिरकी करा. मध्येच हलवून बघायचा मोह होतो, त्यासाठी नळीवर वेळ लिहा. शंका असेल तर धडधाकट नातेवाइकाचं रक्त दुसऱ्या नळीत शेजारी ठेवा. रक्त गोठलं तरी चाचणी ठरल्या वेळेनं पुन्हा करायची.

ही चाचणी रक्त गोठू न देणाऱ्या विषाच्या सापांसाठी, म्हणजे घोणस आणि फुरशासाठी. मण्यारीच्या दंशात रक्त व्यवस्थित गोठतं, दंशाची खूणही कित्येकदा सापडत नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला आणि पापण्या जड झाल्या, तर मण्यार समजूनच चला. लहान मुलालाही प्रतिविषाचा डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो.

प्रश्न : जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या गिलाँ-बारे आजाराची) साथ आली, तेव्हापासून पायांना मुंग्या आल्या तरी लोक घाबरून येतात. कोणाला ठेवून घ्यायचं? (जनरल प्रॅक्टिशनर, धायरी)

उत्तर : नुसत्या मुंग्यांवर नाही. दोन्ही पायांत सारखाच अशक्तपणा, तो दिवसागणिक वर सरकतोय, आधीच्या काही आठवड्यांत जुलाब झाले होते आणि गुडघ्याचे रिफ्लेक्स (हातोडी मारल्यावरची आपोआप हालचाल) येत नाहीत, असं असेल तर लगेच रुग्णालयात पाठवा. रिफ्लेक्स नाहीत म्हणण्याआधी पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगा आणि त्याच क्षणी हातोडी मारा. मग खोल श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला लावा. २० पर्यंतही पोहोचत नसेल तर आयसीयू असलेल्या ठिकाणी हलवा, सॅच्युरेशन चांगलं आहे म्हणून थांबू नका. ते फार उशिरा पडतं. पोटॅशियम कमी झाल्यानेही हातपाय असेच गळतात, त्यामुळे ती तपासणी सोबत पाठवा.