पत्रात तुमची लेक कुठंय?

‘मुलीनं पुण्यातून मानवशास्त्रात एम.ए. केलं, ६८ टक्के. आता उपयोजित मानवशास्त्रात पीएच.डी. करायची म्हणते. प्राध्यापकी मिळाली नाही तर पाच वर्षं पाण्यात. स्थळं येताहेत. एमपीएससी की बी.एड., डिसेंबरपर्यंत ठरव म्हणून सांगितलंय. तुम्ही समजवा.’ – एक वडील, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. मुदत आहे, स्थळं आहेत. तिला कशावर संशोधन करायचंय, हे मात्र कुठंच नाही. तुम्ही विचारलंय का तिला? ‘समजवा’ म्हणजे तिच्या डोक्यातून काढा, असंच ना? ते मी करणार नाही. आधी ती मुदत मागं घ्या. घरच्या धाकानं एमपीएससीला बसलेली मुलं मी याच शहरात पाहिली आहेत. त्यांचीही चार-पाच वर्षं जातात, आणि हाती पदवीसुद्धा येत नाही.

पीएच.डी. म्हणजे प्राध्यापकीच, हा समज चुकीचा आहे. २०१९च्या महापुरात शिरोळकडची कित्येक माणसं गोठ्यातली जनावरं सोडून बोटीत बसायला तयार नव्हती. का, हे गावात राहून समजून घ्यायचं आणि पुढच्या पुराआधी प्रशासनाच्या आराखड्यात उतरवायचं, हे उपयोजित मानवशास्त्राचं काम. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची जीवघेणी साथ पसरली, तेव्हा अंत्यविधीच्या रीती सांभाळून सुरक्षित दफन कसं करायचं, यासाठी मानवशास्त्रज्ञांची मदत घ्यावी लागली. इंटेलसारख्या चिप बनवणाऱ्या कंपनीनं १९९८ मध्ये जेनेव्हीव्ह बेल या मानवशास्त्रज्ञ बाईंना नोकरीवर घेतलं होतं. आपल्याकडं भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण ही सरकारी संस्था आहे. शिवाय आरोग्य, पुनर्वसन, ग्रामविकासातल्या संस्था आहेत.

खर्चाचं म्हणाल तर नेट ही पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं ४२,०००. प्रवेश मात्र जपून घ्यावा. सगळी पीएच.डी. या कामाला घडवत नाही. चार भिंतींत प्रबंध लिहून घेणारा मार्गदर्शक असेल, तर तुमची भीती खरी ठरेल. एखाद्या संस्थेबरोबर प्रत्यक्ष काम, थोडी संख्याशास्त्राची बैठक, आणि तहसीलदाराला दोन पानांत कळेल असा अहवाल लिहिण्याची सवय तिथं लागते का? मार्गदर्शकाचे जुने विद्यार्थी आज कुठं आहेत? हे तिनं स्वतः त्यांना फोन करून विचारावं.

पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. विषय कोणता, गाव कोणतं, मार्गदर्शक कोण, एवढं लिहायला सांगा. तुम्ही ते वाचू नका.