‘तो फक्त मला सांगतो’

"बारा वर्षांची झाली तरी कार्टूनच बघते हो!" हे वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्यांदा ऐकलंय की, आता समुपदेशनाला आलेले पालक खुर्चीत टेकायच्या आधीच मला ते ऐकू यायला लागतं. कधी मुलगी असते, कधी मुलगा. कार्टून मात्र बहुतेकदा एकाच जातकुळीचं असतं. सहावी-सातवीतले तीन-चार मित्र, त्यांची शाळा, त्यांचे रुसवेफुगवे. ना राक्षस, ना जादू. "त्यात काही घडतसुद्धा नाही," असं पालक वैतागून सांगतात.

इथे सांगतेय ती मुलगी म्हणजे अशा बऱ्याच मुलांची मिळून एक आहे. ओळख पटेल असं काहीच ठेवलेलं नाही.

तिचे वडील पहिल्या भेटीला वही घेऊन आले होते. कोणत्या दिवशी किती वेळ, कोणता भाग कितव्यांदा, सगळी नोंद. एक भाग तर अकरा वेळा बघून झाला होता. "वर्गातल्या मुली कुठल्या कुठे पोचल्या, मॅडम. ही मागे पडतेय का?"

मुलगी नखं कुरतडत बसली होती. मी वही मिटली आणि तिला म्हटलं, "तो अकरा वेळा बघितलेला भाग मला दाखवशील?"

"पूर्ण बघाल? की मध्ये मध्ये प्रश्न विचाराल?"

प्रश्न विचारायची मला खोडच आहे, हे मी कबूल केलं. ती किंचित हसली.

मधल्या आठवड्यात मी तिची मालिका तर बघितलीच, शिवाय त्याच धाटणीच्या जुन्या मालिकाही चाळल्या. १९९१ मध्ये सुरू झालेली ‘डग’, २००० मधली ‘ॲज टोल्ड बाय जिंजर’, त्याच वर्षीची ‘द वीकेंडर्स’. ही शेवटची मला फार आवडली. सातवीतले चौघे. टीनो कायम कसल्या ना कसल्या काळजीत, लोर खेळात पुढे, टिश पुस्तकी हुशार, कार्व्हर कपड्या-बुटांच्या नादी. गोष्ट शुक्रवारी सुरू होते आणि रविवारपर्यंत मिटते. बघणारं मूल एका दिवशी टीनो असतं, दुसऱ्या दिवशी कार्व्हर. चार वेगळे स्वभाव ठेवण्यातली खुबी ही आहे, आणि भांडणं लागतात तीही त्यातूनच. कोणी खलनायक लागत नाही.

अशा मालिकांमधली संकटं मोठ्यांच्या मापाने चिमूटभर असतात. कोणीतरी बोलावलं नाही. कोणीतरी गुपित फोडलं. पण मालिका त्या संकटाला मुलाला वाटतं तेवढंच मोठं मानते आणि तरीही हसवते. हे जमवणं सोपं नाही. ज्या मालिका मुलांच्या दुःखाची थट्टा करतात किंवा शेवटी उपदेशाचा डोस पाजतात, त्या मुलं एकदा बघतात आणि सोडून देतात. मोठ्यांना हा फरक दिसत नाही, मुलांना पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

दुसऱ्या भेटीत आम्ही दोघी शेजारी बसून तिचा भाग बघत होतो. नायकाची भर वर्गात फजिती होते, सगळे हसतात आणि तो पडद्याबाहेर वळून आपल्याशी बोलायला लागतो. तिथे तिने चित्र थांबवलं. तोंडाशी आलेला प्रश्न मी गिळला. बराच वेळ आम्ही त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

"इथे तो फक्त मला सांगतो," ती म्हणाली. "आणि मी हसत नाही."

इतकी वर्षं हे काम करतेय, पण अशी वाक्यं वर्षातून एखाद-दुसरीच वाट्याला येतात. ती ऐकू यायला गप्प बसता यावं लागतं, आणि ते मला उशिरा का होईना जमायला लागलंय.

मी एकच विचारलं, "तुला कोण हसलं?"

मग सगळं बाहेर आलं. वर्गात धडा मोठ्याने वाचताना तिने एक शब्द चुकीचा उच्चारला. वर्ग हसला. पण सगळ्यांत आधी हसली ती तिची जिवलग मैत्रीण. दोन महिने झाले, दोघी बोलत नव्हत्या. घरी तिने एकदा सांगून पाहिलं होतं. वडील म्हणाले, "त्यात काय एवढं? उद्या कोणाच्या लक्षातसुद्धा राहणार नाही."

वडिलांचं म्हणणं खोटं नव्हतं, ही यातली गंमत. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या निम्म्या लोकांनी टी-शर्टवरचं चित्र पाहिलं असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ते टिपलं होतं साधारण पाव लोकांनी. म्हणजे आपण समजतो तेवढं जग आपल्याकडे बघत नसतं. पण बारा वर्षांच्या मुलीला हे सांगून उपयोग नाही. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच लिहून ठेवलंय की, या वयातली मुलं मनातल्या मनात एक प्रेक्षागृह घेऊन वावरतात. सतत सगळे आपल्याकडे बघतायत, आपल्याला जोखतायत, असं त्यांना वाटत राहतं. आणि त्या प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत बसते ती जिवलग मैत्रीण. हॅरी स्टॅक सलिव्हन हा अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मी पुन्हा पुन्हा वाचते तो याच्यासाठी. या वयातल्या एका घट्ट मैत्रीतून मूल स्वतःला दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला शिकतं, हे त्याने फार आधी ओळखलं होतं. तेच डोळे हसले, तर मूल स्वतःकडे बघणार कसं?

आणि मग त्या मालिकांमधली एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. डग रोजनिशी लिहितो. जिंजर डायरीत मन मोकळं करते. टीनो थेट आपल्याशी बोलतो. यातल्या प्रत्येकाला फजितीनंतर सांगायला कोणीतरी आहे. मनातल्या त्या खिदळणाऱ्या प्रेक्षागृहात एक माणूस आपल्या बाजूचा बसलाय. मुलगी अकरा वेळा तो भाग बघत होती, ती त्या माणसाच्या जागेवर बसायला. तिला स्वतःला तसं कोणी नव्हतं, म्हणून निदान दुसऱ्याची तशी सोबत ती करत होती. याला मागे पडणं म्हणायला मी तयार नाही.

तिला विचारून यातलं थोडं मी वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी तिला धीर देत होतो."

"धीर दिलात. पण ती आधी साक्षीदार शोधत होती."

त्यांना मी जे सांगितलं तेच आता येईल त्या पालकाला सांगते. वेळेची मर्यादा घालायची तर खुशाल घाला, झोप आणि अभ्यास मोडून काहीच बघू नये. पण मर्यादा घालण्याआधी एक भाग शेजारी बसून बघा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. "यातून काय शिकलीस?" हा प्रश्न चुकूनही नको, त्याने सगळा खेळ बिघडतो. विचारायचंच असेल तर पात्राबद्दल विचारा. ती एवढी का चिडली? तू असतीस तर बोलली असतीस का? मुलं स्वतःबद्दल सांगत नाहीत ते पात्राच्या नावावर खपवून सांगतात. तेव्हा "म्हणजे तुझ्याही वर्गात असं झालं का?" म्हणून झडप घालू नका. ऐकून घ्या, पुढचा भाग लावा. मूल शाळेत जायलाच नको म्हणू लागलं, खाणं-झोप बिघडली किंवा जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर मात्र प्रश्न कार्टूनचा राहत नाही. थांबू नका, लगेच मदत घ्या.

वडिलांनी भाग बघितला. मधेच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "एवढ्याशा गोष्टीला हा इतका रडतो?"

"बाबा, तू मलाही हेच म्हणालास," मुलगी म्हणाली. पडद्यावरची नजर न हलवता.

हे मला वडिलांनीच सांगितलं, शेवटच्या भेटीत. त्या मैत्रिणीशी तिचं अजून जमलेलं नाही. डबा खायला मात्र ती आता दुसऱ्या दोघींबरोबर बसते. वही त्यांच्या हातात होतीच, सवयच ती. पण तासांचे आकडे मागेच कुठेतरी थांबले होते. नव्या पानावर तिच्या मालिकेतल्या चार पात्रांची नावं होती आणि कोण कोणावर का रुसलंय त्याचे बाण. त्यातला एक बाण पेन्सिलने खोडून मुलीने उलटा काढला होता.