वाचकांचे प्रश्न : लिंबू, बटाटा आणि नारळ

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात सातवीच्या दोन मुली तीन चेंडू आळीपाळीने उडवून झेलण्याचा खेळ, म्हणजे जगलिंग, करून दाखवणार आहेत. तीन सारखे चेंडू त्या न चुकता मिनिटभर खेळवतात. यंदाच्या नाटुकलीत बाजाराचा प्रसंग असल्यामुळे चेंडूंऐवजी लिंबू, बटाटा आणि सोललेला नारळ घ्यावा असे ठरले. पण नारळाची पाळी आली की सगळा क्रम मोडतो. जड वस्तू लवकर खाली येते, म्हणून ताल जमत नाही, असे काही सहकारी म्हणतात. हे खरे आहे का, आणि यावर उपाय काय?
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांचा समज फार जुना आहे आणि तितकाच चुकीचा आहे. हातातून सुटलेली वस्तू किती वेळ वर राहील हे ती किती उंच गेली यावर ठरते, तिच्या वजनावर नाही. हातापासून साठ सेंटीमीटर वर गेलेले लिंबू सुमारे ०.७ सेकंदात परत हातात येते आणि तेवढ्याच उंचीवर गेलेला नारळही तेवढ्याच वेळात येतो. उंची एक मीटर केली तर हा वेळ ०.९ सेकंद होतो. तो दुप्पट हवा असेल तर मात्र उंची चौपट करावी लागते. हवेचा अडथळा इतक्या कमी उंचीवर लिंबू, बटाटा किंवा नारळ यांपैकी कोणालाही जाणवण्याइतका नसतो. फुगा किंवा पातळ ओढणी घेतली तर गोष्ट वेगळी; ती तरंगत सावकाश उतरते, आणि म्हणूनच नवशिक्यांना प्रथम हलके रुमाल देऊन शिकवण्याची पद्धत आहे. माहितीशास्त्राचा पाया घालणारे अमेरिकी गणिती क्लॉड शॅनन (१९१६–२००१) स्वतः हा खेळ खेळत असत आणि त्यांनी त्याचे एक सूत्रही मांडले. त्या सूत्रात वस्तू हवेत असण्याचा वेळ, हातात असण्याचा वेळ, हात रिकामा राहण्याचा वेळ, हातांची संख्या आणि वस्तूंची संख्या एवढीच पदे आहेत. वजनाला त्यात जागाच नाही.

मग नारळ का पडतो? तो हवेमुळे नव्हे, हातामुळे पडतो. लिंबू साधारण पन्नास ग्रॅमचे आणि नारळ पाचशे ग्रॅमचा धरू. दोघांनाही साठ सेंटीमीटर उंच पाठवायचे तर हातातून सुटताना दोघांचा वेग सेकंदाला सुमारे ३.४ मीटर असला पाहिजे. हा वेग देण्यासाठी हात पंचवीस सेंटीमीटर वर सरकतो असे मानले तर तेवढ्या अंतरात वस्तूच्या वजनाच्या साधारण ३.४ पट जोर लावावा लागतो. लिंबासाठी तो पावणेदोनशे ग्रॅमच्याही आतला भार झाला, नारळासाठी एक किलो सातशे ग्रॅमचा. झेलताना हाच हिशेब उलटा होतो, आणि खरी गोम तेथे आहे. नारळाबरोबर हात पंचवीस सेंटीमीटर खाली जाऊ दिला तर तळहातावर तेवढाच, १.७ किलोचा भार येतो. पण मुलीने घाबरून हात ताठ धरला आणि तो पाचच सेंटीमीटर दबला, तर तोच भार वजनाच्या तेरा पट, म्हणजे साडेसहा किलो होतो. सातवीतल्या मुलीच्या मनगटाने तेवढ्यात मान टाकली तर तिचा दोष नाही. शिवाय जड वस्तू थांबवायला आणि पुन्हा वर पाठवायला हात जास्त वेळ घेतो, त्यामुळे पुढच्या वस्तूसाठी तो रिकामा राहण्याचा वेळ कमी होतो, आणि तालात जो धक्का बसतो तो पुढच्या लिंबाच्या वेळी दिसतो. प्रेक्षकांना वाटते, लिंबू चुकले.

आणखी एक अडचण आपल्या लक्षात आली नसावी. तीन वस्तूंच्या नेहमीच्या खेळात प्रत्येक वस्तू एकदा उजव्या हातातून डाव्या हातात जाते आणि पुढच्या वेळी डाव्यातून उजव्यात येते, म्हणजे प्रत्येक हाताला तिन्ही वस्तू पाळीपाळीने हाताळाव्या लागतात. चेंडू सारखे असतात तेव्हा याची जाणीव होत नाही, कारण हात एकच हालचाल गिरवत राहतो. येथे मात्र त्याला दर वेळी नवे वजन भेटते, आणि नारळासाठी लावलेला जोर पुढच्या लिंबाला मिळाला की ते थेट छताकडे जाते. त्यातून वस्तूंच्या वाटा मधोमध एकमेकींना ओलांडतात. दोन लिंबे जेथून सहज जातात तेथे रुंद नारळ दुसऱ्याला धडकतो.

म्हणून माझी सूचना अशी की वस्तू बदलू नका, खेळाचा प्रकार बदला. लिंबू कायम डाव्या हातात आणि बटाटा कायम उजव्या हातात ठेवावा. ही दोन्ही एकाच वेळी आपापल्या बाजूला सरळ वर उडवावीत. ती माथ्यावर पोहोचली की मधला नारळ उजव्या हाताने सरळ वर पाठवावा आणि मग दोन्ही हातांनी लिंबू-बटाटा झेलावे. अशाने डाव्या हाताला फक्त लिंबू सांभाळायचे उरते, उजव्याला दोनच वजने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणाचीच वाट कोणाला आडवी जात नाही. पाहणाऱ्याला तर मधून उठणारा नारळ अधिकच रुबाबदार दिसतो.

नारळ निवडताना तो कानाशी धरून हलवून पाहावा. आत पाणी खळखळत असेल तर झेलल्यानंतरही ते आतल्या आत डचमळत राहते आणि नारळ हातात स्थिर होत नाही. पाणी आटलेला, पण आत गोटा सुटून खडखडत नसलेला नारळ हलकाही असतो आणि शांतही. शेंडी काढून टाकावी, नाहीतर गिरकी घेऊन ती नेमकी बोटांत येते. बटाटा लांबट नको, गोल हवा. बेळगावच्या आसपास बटाट्याला काही तोटा नाही, तेव्हा निवडायला भरपूर वाव आहे. सराव मऊ मातीच्या मैदानावर करावा. हे उत्तर लिहिण्याआधी मी स्वतः घरात नारळ उडवून पाहिला. शहाबादी फरशीचा जो टवका उडाला, त्याचा विषय आमच्या घरात अद्याप मिटलेला नाही.

प्रश्न : दोन प्लॅस्टिकचे चेंडू, एक मोठा आणि एक लहान, यांत वाळू भरून मी किराणा दुकानाच्या काट्यावर दोघांचे वजन बरोबर सव्वाशे ग्रॅम केले. तरीही हातात घेतल्यावर लहान चेंडू जड लागतो. काटा बिघडला आहे की माझा हात?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, निपाणी

उत्तर : दोन्ही ठीक आहेत. सारख्या वजनाच्या दोन वस्तूंपैकी आकाराने मोठी असलेली हलकी वाटते, हा भ्रम ओग्युस्तँ शार्पांतिए या फ्रेंच वैद्यकाने १८९१ साली प्रयोग करून नोंदवला होता. मोठी वस्तू जड असणार अशी आपली अपेक्षा असते आणि ती तेवढी जड निघाली नाही की ती हलकी भासते, असे त्याचे स्पष्टीकरण बरेच दिवस दिले जात होते. परंतु २००० साली कॅनडातील संशोधकांनी लोकांना अशा जोड्या पुन्हा पुन्हा उचलायला लावल्या, तेव्हा एक मजेशीर गोष्ट दिसली. थोड्याच वेळात बोटे दोन्ही वस्तूंना अचूक आणि सारखाच जोर लावू लागली, पण लहान वस्तू जड आहे हे सांगणे काही थांबले नाही. म्हणजे बोटांना खरे कळले, तरी माणसाला पटले नाही.

खेळणाऱ्याच्या दृष्टीने यात मोठीच सोय आहे. मोठा चेंडू पहिल्या एक-दोन फेकींत गरजेपेक्षा उंच जातो, कारण डोळ्यांनी हाताला चुकीची तयारी करायला लावलेली असते. म्हणून खेळ सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वस्तू एकाच हाताने चार-पाच वेळा वीतभर उडवून तोलून घ्यावी. तेवढ्याने हात शिकतो. कोणता चेंडू जड आहे याचा विचार त्यानंतर करू नये, आणि खेळताना स्वतःला तर मुळीच विचारू नये.

प्रश्न : एका कोड्यात सत्तर किलोच्या माणसाकडे प्रत्येकी सहाशे ग्रॅमचे तीन नारळ आहेत आणि साकव साडेएकाहत्तर किलोच पेलतो. एक नारळ सतत हवेत ठेवला तर तो पार होईल, असे उत्तर दिले आहे. आमच्या गावात यावर वाद झाला आहे.
— एक वाचक, कणकुंबी परिसर

उत्तर : उत्तर चूक आहे, माणूस ओढ्यात पडेल. नारळ वर फेकताना हात त्याला जितक्या जोराने वर ढकलतो तितक्याच जोराने नारळ माणसाला, आणि माणूस साकवाला, खाली दाबतो. पूर्ण आवर्तनाची सरासरी काढली तर साकवावर सगळ्यांचे मिळून ७१.८ किलो येतातच. फेकण्या-झेलण्याच्या क्षणी तर त्याहूनही अधिक. दोन नारळ घेऊन एक खेप करावी, ७१.२ किलो होतात, आणि तिसऱ्यासाठी परत यावे. पावसाळ्यात मलप्रभेच्या उगमाकडच्या ओढ्यांवर हा प्रयोग कोणी करू नये, एवढे मात्र वादातल्या दोन्ही पक्षांना सांगावे.

प्रश्न : माझे वय एकसष्ट आहे. लहानपणी मी सागरगोटे उत्तम खेळत असे. नातू तीन चेंडू खेळवायला शिकतो आहे. मलाही या वयात ते जमेल का?
— एक आजी, शहापूर, बेळगाव

उत्तर : जमेल. २००४ साली जर्मनीतील संशोधकांना असे आढळले की तीन महिने हा खेळ शिकलेल्या तरुणांच्या मेंदूत, हलत्या वस्तूंकडे लक्ष ठेवणाऱ्या भागातील करडे द्रव्य, म्हणजे मज्जापेशींचा थर, वाढले होते आणि सराव थांबवल्यावर ती वाढ ओसरली. २००८ साली साठीच्या आसपासच्या लोकांवर असाच अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्यातही तसाच बदल दिसला; मात्र तरुणांइतके कौशल्य त्यांच्यापैकी कमी जणांना साधले. आपल्याला तर अर्धे आधीच येते. सागरगोटा वर गेला की नजर त्याच्या माथ्यावर ठेवून खालचे गोटे न पाहता वेचायचे, ही सवय येथे जशीच्या तशी उपयोगी पडते. पॅसिफिकमधील टोंगा बेटांवर मुली असाच, झाडाच्या कठीण बिया उडवून झेलण्याचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आल्या आहेत.

नातवाचे रबरी चेंडू मात्र घेऊ नयेत. ते पडले की कपाटाखाली जातात आणि वाकावे लागते. जुन्या मोज्यांत मूग भरून, गाठ मारून, काट्यावर प्रत्येकी सव्वाशे ग्रॅमच्या तीन पिशव्या कराव्यात, म्हणजे वजनात फरक राहणार नाही. पलंगासमोर उभे राहून आधी एक पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात डोळ्यांच्या उंचीपर्यंत उडवावी, ती न पाहता हातात पडू लागली की दुसरी घ्यावी; पडलेली पिशवी गादीवरच राहते.