नवीन निसाब आणि जुने उस्ताद: माझा अनुभव

सलाम भाई. तुम्ही विचारलंय की धुळ्यातल्या तीन मकतबची (पोरांना कुराण वाचायला शिकवणारे वर्ग) निगराणी तुमच्याकडे आलीय, नवा निसाब म्हणजे अभ्यासक्रम लागू करायचाय आणि वयाने मोठे उस्ताद ऐकत नाहीत, काय करू. मी यावल-रावेर पट्ट्यात बारा वर्षं हेच करतोय म्हणून जरा लांब लिहितो.

पहिले दोन महिने फॉर्म, शेरे काही वर्गात नेऊच नका. पोरांच्या रांगेत चटईवर बसा, सबक म्हणजे धडा ऐका, बस. कारण 2012 च्या दुरुस्तीपासून आरटीई, म्हणजे शिक्षण हक्काचा कायदा, मदरशांना लागू नाही, दीनियातच्या म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणी केंद्रप्रमुख येत नाही, आणि राज्याच्या झाकीर हुसैन मदरसा योजनेत 2024 ला मानधन वाढवलं, डीएडला 16 हजार न् बीएडला 18 हजार, पण ते गणित-विज्ञानवाल्यांना, कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, शिकवणाऱ्याची तनख्वाह जमातीच्या वर्गणीवरच. ज्या माणसाला आजवर कोणी विचारलं नाही त्याच्याकडे तुम्ही पहिल्यांदा जाताय ते चुका काढायला? राग येणारच, आणि मला तो रास्त वाटतो.

आमच्या एका गावात सत्तरीचे उस्ताद होते. पोरं नूरानी कायदा सुरात धडाधड म्हणायची. मी पुठ्ठ्याला एका अक्षराएवढं भोक पाडलं आणि म्हटलं हजरत, तुम्हीच ठेवून बघा. त्यांनी पानाच्या मधोमध ठेवला, पोरगं जीम या अक्षरावरच अडकलं, मग दुसरं, मग तिसरं. सूर पाठ होता, अक्षर ओळखीचं नव्हतं. उस्ताद बराच वेळ गप्प, आणि दुसऱ्या दिवशी गेलो तर स्वतः पुठ्ठा घेऊन एकेकाला जवळ बसवून ऐकत होते. निसाबात हेच लिहिलंय की प्रत्येकाचा सबक वेगळा ऐका, पण मी वाचून दाखवलं असतं तर कधीच पटलं नसतं.

भाषेचं पण बघा. तडवी भिल्ल मुस्लिम घरांतल्या बऱ्याच पोरांच्या घरी उर्दू नाही, शाळेत डावीकडून वाचतात न् इथे उजवीकडून, त्यात समजावणं पण उर्दूत, मग पोर नुसतं मान हलवतं. समजावताना मराठी, घरची बोली सगळं चालू द्या. मखरजला (अक्षर तोंडात-घशात जिथून निघतं ती जागा) मात्र सूट नको, क़ल्ब म्हणजे काळीज आणि कल्ब म्हणजे कुत्रा, हे एकदा सांगितलं की पोरं आपोआप घसा सांभाळतात.

आणि उस्तादांना पोरांसमोर टोकू नका, कितीही चुकलं तरी. असरच्या (दुपारनंतरच्या) नमाजनंतर चहाला बसा तेव्हा बोला.

एका उस्तादामागे पोरं किती ते कळवा. तीसच्या वर असतील तर मोठी पोरं जोडीला लावावी लागतील, ते कसं जमवायचं ते लिहितो.