मोहरीच्या डाळीचा रंग आणि मावळतीची खिडकी

प्रश्न : आम्ही परभणीला नवीन घर बांधलं. हॉल बारा बाय चौदाचा, मोठी खिडकी पश्चिमेला, खाली शहाबादी फरशी, गडद सागवानी सोफा. यांना मोहरी रंगाचं भारी वेड. टीव्हीच्या भिंतीपासून चारही भिंती तोच रंग द्यायचा म्हणतात. सासूबाई म्हणतात, “घरात काय हळदीचा मांडव घालायलाव का?” टीव्ही खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे, दिवाण दक्षिणेच्या. रंगारी सोमवारी येणार आहे. काय करू?
– एक वाचक, परभणी

ताई, आधी रंगाऱ्याला एक आठवडा पुढे ढकला.

मोहरी रंग म्हणजे नेमका कोणता, यावरूनच निम्मी भांडणं होतात. आपल्या फोडणीतली मोहरी काळपट तपकिरी. हा रंग तिचा नाही, तिच्या पोटातला आहे. कैरीच्या लोणच्याला आपण मोहरीची डाळ घालतो ना, तो. चमचाभर डाळ पांढऱ्या बशीत घेऊन खिडकीपाशी जा. हळदीपेक्षा मळकट, बेसनापेक्षा गडद, किंचित हिरवी झाक. तो मळकटपणा हीच या रंगाची खानदानी. हळदीचा पिवळा डोळ्यांवर धावून येतो, हा येत नाही. बशी सासूबाईंनाही दाखवा, मांडवाचा विषय तिथेच मिटेल. आपल्याकडच्या धुळीलाही हा रंग चांगला पुरतो. पांढऱ्या भिंतीवर आठ दिवसांत दिसणारी धूळ याच्यावर महिनाभर लपते.

आता चार भिंतींचं. लग्नानंतर सात वर्षांनी लातूरला आमचं स्वतःचं घर झालं, तेव्हा मी नेमका हाच उद्योग केला होता. हॉल पश्चिमेचा, तीन भिंती मोहरी. दिवाळीत सगळ्यांनी कौतुक केलं. मे महिन्यात दुपारी चारनंतर मात्र आमच्याकडे कुणी टेकेना. भिंतीवर ऊन पडलं की मोहरी उठून नारिंगी व्हायची, आणि समोरासमोरच्या दोन पिवळ्या भिंती एकमेकींवर रंग फेकायच्या. सोफ्यावर बसलेला पाहुणा कावीळ झाल्यासारखा दिसायचा. माझे यजमान म्हणाले, “चुलीत बसल्यासारखं वाटतंय.” दुसऱ्यांचे हॉल रंगवून देणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं! पुढच्या दिवाळीची वाट न बघता दोन भिंती पुन्हा पांढऱ्या केल्या.

म्हणून तुमच्याकडे एकच भिंत, आणि ती टीव्हीची नाही. खिडकी पश्चिमेला, म्हणजे मावळतीचं ऊन थेट टीव्हीच्या भिंतीवर येणार. खिडकीची भिंत घेतली तर उजेडाकडे तोंड करून बघावं लागतं, मग मोहरी शेणकाल्यासारखी दिसते. दिवाणाची भिंत घ्या. तिथे ऊन तिरकं येतं आणि रंग दिवसभर शांत राहतो. उरलेल्या तिन्ही भिंती दुधाळ पांढऱ्या. शहाबादीचा राखाडी रंग आणि मोहरी यांची जोडी तर मला फार आवडते. इथे फरशी चकचकीत पांढरी नाही, हे तुमचं नशीब समजा. सागवान मात्र मोहरीला अगदी चिकटून ठेवू नका, दोन्ही गडद, एकमेकांत बुडतात. सोफा पांढऱ्या भिंतीकडे सरकवा. दिवाणावर निळा अभ्रा चालेल, लाल आणि हिरवा एकत्र नको. पोफळी म्हणजे पिवळ्या रंगाच्या पैठणीला लाल काठ शोभतो, कारण मध्ये सोनेरी जर असते. भिंतीला जर कुठून आणणार?

दुकानातल्या शेड कार्डवरचा बोटभर तुकडा बघून ठरवू नका. मोठ्या भिंतीवर रंग कार्डापेक्षा गडदच वाटतो, म्हणून मनात असलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकी घ्या. लहान डबा आणून दोन फूट बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, आणि तो पुठ्ठा दिवाणामागे टेकवून सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी पाचला बघा. रात्री दिवा लावूनही बघा. बल्बच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असेल तर तो निळसर पांढरा उजेड, त्यात मोहरी हिरवट आणि आजारी दिसते. ३००० केचा बल्ब लावला की तीच भिंत सोनेरी होते. कित्येक जण रंगाला शिव्या देतात, दोष दिव्याचा असतो.

भिंत चौदा फूट लांब, दहा फूट उंच धरली तर १४० चौरस फूट. चांगल्या पुट्टीवर एक लिटर इमल्शन दोन हातांत साठ-सत्तर फूट जातं, म्हणून एक-एक लिटरचे तीन डबे लागतील. तिन्ही आधी एका बादलीत ओतून ढवळून घ्या, नाहीतर भिंतीच्या मध्यावर शेड बदललेली दिसेल. यांना एवढंच सांगा, भिंत एक, पण तुमच्या आवडीची.

प्रश्न : अंबाजोगाईला भाड्याच्या घरात राहते, भिंतींना हात लावायची परवानगी नाही. पिवळेपणा हवा म्हणून हळदीत पांढरे पडदे रंगवले. महिन्याभरात खिडकीकडची बाजू फिकी झाली. माझं काही चुकलं का?
– एक विद्यार्थिनी

बाळा, चूक तुझी नाही, हळदीची. तिचा रंग उन्हात टिकत नाही. त्याऐवजी डाळिंबाची सालं वाळवून ठेव. सुती कापड आधी खळ जाईपर्यंत धू, तुरटीच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजव. सालं तासभर उकळून पाणी गाळ, त्यात कापड मंद आचेवर आणखी तासभर राहू दे. येणारा पिवळा थोडा मळकट असतो, मोहरीच्या बराच जवळचा, आणि हळदीपेक्षा पुष्कळ टिकतो. भांडं स्टीलचं घे. लोखंडी कढईत केलंस तर लोहाने रंग काळसर पडेल. आधी रुमालाएवढा तुकडा करून बघ. आणि भाड्याच्या घरात आजीची एखादी वाकळ असेल तर ती पेटीत नको, पलंगावर टाक.

प्रश्न : धाराशिवजवळ आमचा जुना माळवदाचा वाडा आहे. ओसरीच्या मातीच्या भिंतींना दरवर्षी चुना देतो. यंदा त्यात पिवळा रंग मिसळायचा आहे. गडी म्हणतो हळद टाकू.
– एक शेतकरी

दादा, हळद टाकाल तर ओसरी कुंकवाची होईल! हळद आणि चुना एकत्र आले की लाल होतं, आपलं कुंकू तसंच करतात. चुन्यात मातीचेच रंग टिकतात. पिवडी घ्या, म्हणजे पिवळी माती. माझे वडील रंगारी होते, ते ती रात्रभर पाण्यात भिजवून, धोतराच्या फडक्यातून गाळून मगच चुन्याच्या पाण्यात घालत. ओला रंग बघून घाबरू नका, वाळल्यावर फार फिका होतो. एक हात टाकून एक दिवस थांबा, मग दुसरा. अजिंठ्याच्या चित्रांतला पिवळाही याच जातीच्या मातीचा, त्यामुळे टिकण्याची काळजी सोडा.

एक मात्र कटाक्षाने टाळा. दुकानदार म्हणेल, कशाला दरवर्षी त्रास, इमल्शनच मारून टाका. मातीच्या भिंतीला आत ओल असते, ती बाहेर पडायला वाट लागते. प्लास्टिकसारखा थर चढला की पावसाळ्यानंतर पापुद्रे निघतात, आणि पापुद्र्याबरोबर मातीही. देवळ्या मात्र पांढऱ्याच राहू द्या. संध्याकाळी त्यात दिवा ठेवला की आजूबाजूची पिवडी आपोआप उजळते.