वाचकांचे प्रश्न : तापणारे छत आणि बांधकामाचे नियम

प्रश्न : जुळे सोलापुरात आमचा बाराशे चौरस फुटांचा भूखंड असून त्यावर यंदा दुमजली घर बांधायचे आहे. माझी मुलगी अमेरिकेत असते. तिकडे माळ्यावर उष्णतारोधक थर किती घालायचा हे बांधकाम नियमावलीच ठरवते आणि दर काही वर्षांनी ते प्रमाण सुधारले जाते, असे ती सांगते. आपल्याकडे असा नियम आहे का? नसल्यास तो असावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नियम आहे, परंतु तो तुमच्या दारापर्यंत पोहोचत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी ‘ईको निवास संहिता’ जाहीर केली आणि तिच्यात छतासाठी स्पष्ट मर्यादा घातली : आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना छताच्या एका चौरस मीटरमधून 1.2 वॅटपेक्षा अधिक उष्णता झिरपू नये. सहा इंची उघड्या स्लॅबचा ढोबळ हिशेब मांडला, तर हाच आकडा सव्वातीनच्या आसपास येतो. मात्र ही संहिता 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी लिहिलेली आहे, म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. तुमचा भूखंड भरतो जेमतेम 111 चौरस मीटर. शिवाय राज्याने ती स्वीकारून बांधकाम परवानगीशी जोडल्याखेरीज ती कोणावर बंधनकारक होत नाही.

माझ्या मते बदल हवा तो नेमका इथे. सोलापूर हे उष्ण व कोरड्या हवामानाच्या पट्ट्यात मोडते आणि इथली बहुसंख्य कुटुंबे एक-दोन गुंठ्यांवरच घर बांधतात. ज्या नियमातून तीच वगळली जातात, त्या नियमाने शहराच्या विजेच्या मागणीत फारसा फरक पडणार नाही. लहान घरांना भिंती, खिडक्या आणि सावल्यांची किचकट आकडेमोड लावू नये, पण वरच्या मजल्याच्या छतावर उष्णतारोधक थर दाखवल्याशिवाय नकाशा मंजूर होणार नाही, एवढी एकच अट घालणे अवघड नाही. शेजारच्या तेलंगणाने 2023 मध्ये शीत छत धोरण, म्हणजे कमी तापणाऱ्या छतांचे धोरण आणले. त्यातही घरांसाठी किमान 600 चौरस यार्डांच्या भूखंडाची अट असल्याने लहान घरे सुटलीच.

अमेरिकेतील आकडे मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. तिथे उतरत्या छपराखालच्या माळ्यात फूटभर जाडीचा कापसासारखा थर पसरतात तो मुख्यतः घरातली ऊब राखण्यासाठी. आपली अडचण उलटी आहे. वैशाखात रात्री अकरा वाजता स्लॅबला आतून हात लावून पाहा. दिवसभर प्यायलेले ऊन तो तेव्हा खोलीत ओतत असतो. म्हणून आपल्याकडे थर स्लॅबच्या वर हवा, खाली नव्हे. आधी जलरोधन, त्यावर दोन इंची दाट फोमचे तक्ते, त्यावर सिमेंटचा थर आणि शेवटी पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी, असा क्रम ठेवल्यास संहितेतील 1.2 वॅटच्या मर्यादेच्या निम्म्यापर्यंत खाली येता येते. या तक्त्यांचे वजन चौरस मीटरला दोन किलोच्या आत असल्याने त्यांचा स्लॅबवर फारसा भार पडत नाही. गवंडी म्हणेल, ‘साहेब, विटांचा कोबा टाकतोच आहे, आणखी कशाला?’ कोब्याने पाणी उताराला लागते आणि उष्णताही थोडी अडते, पण चार इंची कोब्यानंतरही झिरपणाऱ्या उष्णतेचा आकडा दोन वॅटच्या वरच राहतो.

आपल्या आजोबांची माळवदे याहून शहाणी होती. लाकडी तुळयांवर किलचण, म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर असल्याने भर दुपारीही खाली डोळा लागत असे. दर पावसाळ्यापूर्वी माती चोपण्याचे कष्ट नकोसे झाले, म्हणून आपण स्लॅब घातला. त्या मातीने केलेले काम कोणी करायचे, हे ठरवायचे तेवढे राहून गेले.

प्रश्न : आमचे पत्र्याचे घर असून दिवसभर पोटमाळ्यावर बसून मी विड्या वळते. फारसा खर्च परवडत नाही, तर काय करता येईल?
– एक वाचक, विडी घरकुल

उत्तर : ताई, आधी पत्र्यावर बाहेरून चुन्याचे दोन दाट हात द्या. पावसाळ्यात चुना धुऊन जाईल, तेव्हा दर फाल्गुनात हे काम पुन्हा करावे लागेल. मग पत्र्याखाली चार बोटे जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बांधा आणि दोन्ही टोकांना झरोके ठेवा, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जाईल. उघडे थर्माकोल मात्र लावू नका. ते ठिणगीने पेटते आणि त्याच्या धुरात जीव गुदमरतो. पोटमाळ्यावर चूल किंवा स्टोव्ह असेल, तर तट्ट्याही त्यापासून दूर ठेवा.