सहाच पट्टे? एक विसरलीस गो बाय!

प्रश्न : ताई, डिचोलीत माझं छोटंसं शिलाईचं दुकान आहे, ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म असलं काम. परवा ओळखीतली एक कॉलेजची पोर मोबाईलवर फोटो घेऊन आली, काकी हा झेंडा शिवून द्या, मुंबईच्या प्राइडला, म्हणजे त्या समलैंगिक-ट्रान्सजेंडर लोकांच्या मोर्च्याला न्यायचाय म्हणाली. पट्टे मोजले तर सहाच, म्हटलं एक विसरलीस गो बाय, इंद्रधनुष्यात सात असतात, तर ती हसायलाच लागली. घरी सांगितलं तर हे म्हणतात असल्या भानगडीत पडू नको, त्यात गर्व कसला करायचा? शिवू का नको?
– एक टेलरकाकी, डिचोली

उत्तर : काकी, शिवा की, बिनधास्त शिवा. आणि पोर काही विसरलेली नाही. हा झेंडा मुळात तुमच्याच धंद्यातली गोष्ट आहे. गिल्बर्ट बेकर नावाचा माणूस, अमेरिकेच्या सैन्यातून बाहेर पडल्यावर शिलाई शिकला, सॅन फ्रान्सिस्कोत मोर्च्यांचे बॅनर वगैरे शिवायचा. १९७८ च्या जूनमध्ये त्याने आणि मित्रमंडळींनी सुती कापड हाताने रंगवून ३० बाय ६० फुटांचे झेंडे केले, तेव्हा पट्टे होते आठ! गुलाबी, लाल, केशरी, पिवळा, हिरवा, फिरोजी, निळा, जांभळा, आणि प्रत्येकाला अर्थ, लाल म्हणजे जीवन, पिवळा म्हणजे ऊन, हिरवा म्हणजे निसर्ग असं.

मग आठाचे सहा कसे झाले? त्याच नोव्हेंबरात तिथले नगरसेवक हार्वे मिल्क, जे समलैंगिक असल्याचं उघड सांगून निवडून आले होते, त्यांचा गोळ्या घालून खून झाला आणि झेंड्यांना एकदम मागणी आली. पण तो भडक गुलाबी कापडात मिळेना, तुम्हाला सांगायला नको, मॅचिंगसाठी म्हापशाचं मार्केट पालथं घालूनही नेमकी तीच शेड नसते ना, तसंच. राहिले सात. पुढच्या वर्षी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर झेंडा अर्धा-अर्धा लावायचं ठरलं, सात पट्ट्यांची सारखी वाटणी कशी करणार, मग फिरोजीही गेला. म्हणून सहा. लाल वर ठेवा.

उद्या ती मैत्रिणीलाही घेऊन आली आणि फिका निळा-गुलाबी-पांढरा असा पाच पट्ट्यांचा मागितला तर तो ट्रान्सजेंडर लोकांचा, १९९९ मध्ये मोनिका हेल्म्स यांनी केलेला. मला तो फार आवडतो, कारण उलटा धरला तरी सरळच दिसतो, मुद्दामच तसा केलाय.

आता तुमच्या मिस्टरांचं. त्यांचा घोळ शब्दाचा आहे असं मला वाटतं. आपल्या मराठीत गर्व म्हणजे माज, गर्वाचं घर खाली म्हणतो आपण. ‘प्राइड’चा अर्थ तो धरलात तर विचित्रच वाटणार. इथे तो लाजेच्या विरुद्ध अर्थाने आहे हो. ज्याला लहानपणापासून घरात-वाड्यावर खाली मान घालून राहायला लावलं, तो वर्षातनं एक दिवस मान वर करून रस्त्यावर चालतो, एवढंच.

आणि भानगड म्हणाल तर ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने दंडविधानाच्या कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे राजीखुशीचे समलैंगिक संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. लग्नाला मात्र २०२३ मध्ये नाही म्हटलं, म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या सह्या करायला रजिस्ट्रारकडे जातात तिथे दोन मुली गेल्या तर परत पाठवतील. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी २००२ मध्ये जोडीदार जेरोम यांच्याशी नातं नोंदवलं ते फ्रेंच कायद्याखाली. मिस्टरांना सांगा, कुणबी साडीला पुन्हा मान मिळवून देणारा, पद्मश्री मिळालेला तोच हा माणूस.

एक सांगू, लाल कापड आधी वेगळं दोन-तीनदा धुऊन काढा, नाहीतर पहिल्याच पावसात केशरीवर उतरेल आणि पोर तुमच्या नावाने ओरडेल.

प्रश्न : प्राइड जूनमध्येच का? आपल्याकडे तेव्हा धो धो पाऊस!
– एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : २८ जून १९६९ ला न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल इन या समलैंगिक लोक जमायचे त्या बारवर पोलिसांची धाड पडली आणि नेहमी गप्प निघून जाणारी गिऱ्हाइकं त्या रात्री गेलीच नाहीत, कित्येक दिवस धुमश्चक्री चालली. वर्षाने त्याच तारखेला मोर्चा निघाला, तेव्हापासून जून. भारतातला पहिला कोलकात्यात, २ जुलै १९९९, जेमतेम पंधरा जण होते. मुंबईवाले मात्र शहाणे, थंडीत काढतात. तुला पावसाचं काय रे एवढं, सांजावच्या सणाला चोवीस जूनला पोरं विहिरीत उड्या मारतात तेव्हा कोण छत्री घेऊन जातं?